येऊ दे... बस्स!

रत्नागिरीत गाडी मागे घेताना ड्रायव्हर एकटा नसतो. रिव्हर्स गिअरचा आवाज झाला की पानाच्या टपरीवरून, माडाच्या बुंध्याआडून नाहीतर थेट कुणाच्या पडवीतून एक गृहस्थ उगवतात. वय साठीपुढे, पायजमा आखूड, खांद्यावर पंचा. बोलावलेलं कुणीच नसतं. सगळे त्यांना ‘येऊ दे काका’ म्हणतात, आणि प्रत्येक वाडीत असा एक तरी असतोच.

काकांकडे गाडी नाही, लायसन्सही नाही. जन्मभर एसटीने फिरले. पण मारुती मंदिरापासून गणपतीपुळ्यापर्यंत कुठली गाडी कुठे वळेल, हे तेच सांगणार. छोट्या मोटारीला दोन बोटं हलवली की झालं. सतरा सीटर ट्रॅव्हलरला दोन्ही हात लागतात. त्याहून मोठी गाडी आली की पंचा कमरेला जातो आणि आवाज चढतो, ‘येऊ दे, येऊ दे... उजवीकडे काप, पूर्ण काप... आता सोड!’ नंबर एमएच ०८ असला तर ‘मेल्या, आरशात काय बघतोस, माझ्याकडे बघ’. एमएच १२ असला तर ‘अहो पुणेकर, घाई नको’. ‘बस्स’ मात्र धडक ऐकू आल्यावरच येतं, आणि पाठोपाठ, ‘तरी म्हटलं होतं, काप!’

भाद्रपदात चाकरमानी भाड्याच्या गाड्या भरभरून येतात, तेव्हा काकांना जेवायला सवड नसते.

अलीकडे त्यांना बढतीच मिळाली आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. बिछाना, ओटा आणि संडास पोटात घेऊन हिंडणारी गाडी आता भाड्याने मिळते, बऱ्याचदा ड्रायव्हरसकट. कॅराव्हॅन पार्कमध्ये वीज, पाणी, सांडपाण्याची सोय असावी, असं धोरण म्हणतं. वाडीत यातलं काही नाही. इथे अरुंद आळी, दोन्हीकडे जांभ्याचा गडगा आणि डोक्यावर फणसाची फांदी.

आणि इथेच काकांची खरी विद्या दिसते. मागचा कॅमेरा जमीन दाखवतो, फांदी आणि विजेची तार दाखवत नाही. लांब गाडीचा मागच्या चाकांपलीकडचा भाग वळताना उलट बाजूला फिरतो. नवखा ड्रायव्हर पुढचं टोक सांभाळतो आणि मागून गडगा पाडतो. काकांनी हे एका वाक्यात बसवलंय, ‘तोंड देवळाकडे वळलं, की ढुंगण विहिरीकडे जातं.’ कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलने भिंतीवर रंगवावं, इतकं हे अचूक आहे.

पुढे गाडी सपाट उभी करायची भानगड. उतारावर राहिली तर रात्री झोपलेला माणूस घसरत भिंतीला लागतो. काका चाकाखाली चिरा सरकवतात, जांभ्याचा भुगा होतो, काका दुसरा आणतात. तो बहुधा शेजाऱ्याच्या गडग्यातलाच असतो.

कायद्याची बाजूही त्यांना पाठ आहे. साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोंपर्यंतचं वाहतूक वाहन चालवता येतं, हा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल ते अनोळखी ड्रायव्हरलाही ऐकवतात. एकदा कुणाच्या तरी भाच्याने सांगितलं, की अमेरिकेत ३० फुटी मोटरहोमसुद्धा साध्या लायसन्सवर भाड्याने मिळतं, फक्त मागे घेताना बायकोला खाली उतरून हात दाखवावे लागतात. काका खूश झाले. ‘म्हणजे तिकडेही माणूस लागतोच!’

ते गप्प बसतात ते एकाच ठिकाणी, जयगड-तवसाळ फेरीबोटीवर. तिथे खलाशी मानेच्या एका झटक्याने गाड्या एकमेकींना खेटून लावतात, कुणाचं ऐकत नाहीत. काका कठड्याला टेकून, हात मागे बांधून बघत राहतात. बोट सुटली की शेजारच्याला हळूच म्हणतात, ‘अजून चार बोटं आली असती.’