दिसला, दिसला!

पक्षी बघायला जाणाऱ्यांत दोन पंथ असतात. एक पक्षी बघणाऱ्यांचा, दुसरा मोजणाऱ्यांचा. आमचे मेहुणे कट्टर मोजणारे. वहीत नाव चढलं की पक्ष्याने उडावं, बुडावं, त्यांचं काही म्हणणं नसतं.

नांदूर मध्यमेश्वरला जायचं ठरलं आणि त्यांचं फर्मान सुटलं : निघायचं पहाटे, बोलायचं हळू, कपडे मातकट. आम्ही मुकाट्याने मातकट झालो. थोरली मावशी मात्र लाल शाल पांघरून गाडीत बसली. निफाडची जानेवारीतली थंडी तिला ठाऊक होती. "शालीला घाबरून पळणारा पक्षी मला बघायचाच नाही," तिने निकाल देऊन टाकला.

द्राक्षबागा आणि कांद्याची शेतं मागे टाकत आम्ही पोचलो. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला आणि हळूहळू गाळाने भरत गेला. एरवी धरणात गाळ साचला की चौकशीची मागणी होते. इथे गाळाने बेटं केली, दलदल केली, पाणवनस्पती वाढवल्या आणि पाखरांनी मुक्काम टाकला. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली. गाळाचं इतकं कल्याण दुसरीकडे झाल्याचं ऐकिवात नाही.

मनोऱ्यावर गावातला तरुण गाइड दुर्बीण लावून सज्ज होता. "त्या बाभळीच्या डावीकडं बघा सर, दलदली भोवत्या बसलाय." समोर बाभळीच बाभळी. तरीही मनोऱ्यावरचे सगळे एकसुरात म्हणाले, "हां हां, दिसला!" पक्षिनिरीक्षणात न दिसलेला पक्षी दिसला म्हणण्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, शिष्टाचार म्हणतात. मेहुण्यांनी वहीत नोंद केली.

मावशी मात्र अगदी काठाजवळच बघत होती. तिथे जांभळी पाणकोंबडी वरमाईच्या तोऱ्यात एकेक पाऊल उचलत चालली होती. थापट्या बदकं चपट्या चोची पाण्यात घालून गोलगोल फिरत होती. "एकाने ढवळायचं, मागच्याने गाळून खायचं," गाइड म्हणाला. "आमच्या सोसायटीची कमिटीच की!" मावशी म्हणाली.

मग गाइडने कमळपक्ष्याची हकिकत सांगितली. मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं, सगळं नराच्या गळ्यात.

"ऐकलंत ना, जावईबापू?"

जावईबापू वहीत डोकं घालून कमळपक्ष्याचा अनुक्रमांक लिहीत होते.

तेवढ्यात पाण्यावर एकच धावपळ उडाली. शेकडो काळे चांदवे पाणी फडफडवत एका जागी गोळा झाले. त्यांच्या डोक्यावरून, पंख जरासे वर धरून, शिकारी दलदली भोवत्या तरंगत गेला. सगळ्यांनी माना वर केल्या. मेहुणे खालीच बघत होते.

"भोवत्या गेला हो!"

"त्याची नोंद झालीये," ते वही मिटत म्हणाले.

तुम्हीही जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. सूर्य उगवताना पोचा, गावातला गाइड घ्या, त्याला ठरलेले पैसे देताना घासाघीस करू नका. दुर्बीण नसली तरी चालेल. वही मात्र गाडीतच ठेवा.