गार डोक्याची जिप्सी

जिप्सीवाल्याला ॲव्हरेज विचारू नये, एवढी सभ्यता लोकांनी पाळायला हवी. पण विचारतात. मी ‘साडेसात’ म्हटलं की समोरचा हळहळून म्हणतो, “पण दिसते भारी हं गाडी.”

माझी जिप्सी किंग मुळात कार्ब्युरेटरवाली. तिच्यात मी एस्टीमचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन बसवून घेतलं. दोन्ही इंजिनं १२९८ सीसीची, एकाच घराण्यातली. एस्टीममध्ये ते आडवं बसतं, जिप्सीत उभं, बाकी काही नाही, असं मी घरी सांगितलं होतं. इंजेक्शनमुळे पेट्रोल मोजूनमापून जाईल आणि खर्च आपोआप वसूल होईल, हेही मीच सांगितलं होतं. आरटीओत खेटे घालून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवला. मग टाकी फुल ते टाकी फुल हिशेब केला, तर साडेसात. कार्ब्युरेटर दहा देत होता.

पहिला संशय अर्थातच पंपावर. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावं लागतं, हे मला ठाऊक होतं. माझ्यामागे रांगेत हॉर्न वाजवणाऱ्यांना ते पटवायला वेळ नव्हता. पेट्रोल बरोबर रेघेवर येऊन थांबलं. “आता पिऊन पण बघा, काका,” एक रिक्षावाला म्हणाला.

मग खरेदी सुरू झाली. प्लगवर काजळी होती, म्हणजे पेट्रोल जास्त जळत होतं. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले. शेवटी मल्टिमीटर आणला. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरकडे जाणारा धूर हुंगतो आणि त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या मध्ये सारखा खाली-वर व्हायला हवा. माझा ०.८वर ठाण मांडून बसलेला. “सेन्सर गेला!” मी जाहीर केलं. नवा घातला. तोही ०.८. म्हणजे पहिला बिचारा खरंच बोलत होता, पण तोवर तो भंगारात गेला होता.

जिप्सीच्या जुन्या डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवाच नाही, तेव्हा ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, काही म्हणायचं असलं तरी म्हणणार कसं? त्याच्या तारेला मी बल्ब जोडला, कपलरमध्ये जंपर टाकला आणि रात्री पार्किंगमध्ये वही घेऊन बसलो. दोन लुकलुक, विश्रांती, चार लुकलुक. कोड २४: स्पीड सेन्सर. तो कुणी जोडलाच नव्हता. म्हणजे ईसीयूच्या समजुतीप्रमाणे मी इतके महिने एका जागी उभा राहून इंजिन रेझ करत होतो. सोसायटीच्या वॉचमनचंही माझ्याबद्दल साधारण तेच मत होतं.

सेन्सर जोडला. ॲव्हरेज किंचित हललं, म्हणजे माझ्या इच्छेपुरतं.

त्यापेक्षा मोठी सुधारणा पाना न उचलता झाली. रुबाबासाठी मी २०५/७०च्या जागी २३५/७५चे टायर घातले होते, रिम तीच पंधरा इंची. चाकाचा घेर जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला, पण मीटरला ते कोण सांगणार? तो शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशेदहा गेलेली असते. वहीत साडेसात खोडून सव्वाआठ लिहिले आणि त्या रात्री बरी झोप लागली.

खरा रोग सापडला खंबाटकी चढताना. शेजारी मित्र होता, जुना एस्टीमवाला. मी ऐटीत टेंपरेचरचा काटा दाखवला. या काट्याचं कौतुक मी ओळखीच्या प्रत्येकाला ऐकवलेलं. “बघ, घाटातसुद्धा वर येत नाही!”

“वर येत नाही?” तो दचकून म्हणाला. “माझा अर्ध्यावर असायचा.”

थर्मोस्टॅट नव्हता! इंजिन बसवताना मिस्त्रीने, गाडी गरम होऊ नये म्हणून, काढून टाकलेला. पाणी ऐंशीएक अंशांपर्यंत तापेस्तोवर रेडिएटरकडे जायची वाट बंद ठेवणं हे त्याचं काम. तोच नाही म्हटल्यावर हायवेच्या वाऱ्यात इंजिन कोमटच राहायचं. तापमानाचा सेन्सर ते इमानदारीने कळवायचा, आणि ईसीयू आजीच्या मायेने वाढत सुटायचा: लेकरू गारठलंय, घाला अजून. ऑक्सिजन सेन्सर ‘पुरे’ म्हणून ओरडत होता, पण इंजिन तापेपर्यंत त्याचं ऐकायचं नाही असा ईसीयूचा नियमच असतो. यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. कोड येणार कुठून?

मिस्त्रीला जाब विचारला. “साहेब, घाटात उकळली असती तर बोंब तुम्हीच मारली असती,” तो म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थर्मोस्टॅट बसला, ऑक्सिजन सेन्सर नाचू लागला, गाडी अकरा देऊ लागली.

बायकोने सगळी बिलं टेबलावर मांडली. “हे पैसे वसूल व्हायला किती किलोमीटर लागतील?”

“मीटरवरचे की खरे?” मी विचारलं.