झुरिकचा नातू

"वहिनी, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या आजींचा झुरिकचा नातू कामाला लागला! पंधरा वर्षांचं पोर."

"काय सांगता काकू! परवा हळदीकुंकवाला त्या 'नातू बँकेत आहे' म्हणाल्या. मला वाटलं, थोरला."

"हाच तो! खोटं नाही बोलल्या. बँकेतच आहे, शिकाऊ म्हणून. आठवड्याचे तीन-चार दिवस बँकेत, बाकी एक-दोन दिवस शाळेत. असं तीन वर्षं. वर पगार, बेताचा का होईना. करारावर आईबापाच्या सह्या, सरकारचा शिक्का. आणि वर्षाला निदान पाच आठवडे भरपगारी रजा."

"पाच आठवडे! आमच्या ह्यांना गणपतीचे दोन दिवस मागताना साहेबापुढं नाक घासावं लागतं."

"अन् पोरगा ढ म्हणून धाडला असंही नाही हो. तिकडं दहातली सहा-सात मुलं हीच वाट धरतात. सुतारकाम, प्रयोगशाळा, घड्याळं, रुग्णसेवा, दोनशेच्या वर व्यवसाय आहेत. आधी चार दिवस जाऊन बघायचं, मानवतंय का. मग अर्ज, मुलाखत. यूबीएस बँकेचे मुख्य अधिकारी आहेत ना, एरमॉटी, तेसुद्धा पोरवयात लुगानोच्या बँकेत असेच चिकटले होते."

"म्हणजे पदवीवर पाणी?"

"छे! जोडीला जादा अभ्यास करून परीक्षा दिली की उपयोजित विद्यापीठात जाता येतं. आणखी एक दिली की नेहमीच्या विद्यापीठातही. मला खटकतं ते वेगळंच. पंधराव्या वर्षी पोराला काय कळतं? शिकलेल्यांची पोरं कॉलेजात अन् कामगारांची कारखान्यात, हे तिथंही चालतंच."

"आपल्याकडं होतं की किमान कौशल्य! धाकट्या भावजींनी अकरावी-बारावीला तेच घेतलेलं."

"1988च्या सुमारास आलं ते. वर्कशॉपात पाठवायचेसुद्धा. पण कमी टक्केवाल्यांचं म्हणून नाव पडलं ते पडलंच. अन् आपला कारखानदार पोरांना दारात तरी उभं करतो का? तिकडं कंपन्या अभ्यासक्रम ठरवायला स्वतः बसतात. शिकवण्यावर खर्च करतात. शेवटच्या वर्षी पोरगा खरं काम उरकायला लागतो, तिथं वसूल होतो."

"मग आजी एवढं आडून का बोलतात?"

"सुनेनं बजावलंय ना! 'इकडं ठीक आहे, पण तिकडं विचारलं तर इंटर्नशिप म्हणा.'"

"तुमच्या बंड्याला विचारून बघा की. गाड्या खोलायचा नाद आहे त्याला."

"भलतंच काय! त्याचा जेईईचा क्लास लागलाय. दोन हप्ते भरूनसुद्धा झाले."