जर्मनमधला सज्जन

जर्मन भाषेत मी अत्यंत सज्जन माणूस आहे. पुण्यात मला ओळखणाऱ्यांना हे पटणार नाही. पण तिरकस बोलायचं तर उपवाक्य लागतं, जर्मन उपवाक्यात क्रियापद शेवटी न्यावं लागतं, आणि मी ते तिथवर नेईपर्यंत समोरचा पुढच्या स्टॉपवर उतरून गेलेला असतो. मग स्टुटगार्टमध्ये माझ्या तोंडून ‘धन्यवाद’, ‘माफ करा’ आणि ‘आज हवा छान आहे’ यापलीकडे काही निघत नाही.

आमच्या इमारतीत ‘केअरवोखे’ नावाचं श्वाबियन व्रत पाळतात. आपल्या दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आपण झाडायचा. माझी झाडलोट झाल्यावर एकदा पाटीखाली चिठ्ठी सापडली: ‘कोपऱ्यांतही केर असतो.’ ऊर भरून आला. सदाशिव पेठेपासून इतक्या लांब ही शैली! उत्तर मनात तयारच होतं: ‘या वयात कोपऱ्यापर्यंत नजर पोचते, अभिनंदन.’ जर्मन करायला बसलो. कोपरा स्त्रीलिंगी, नजर पुल्लिंगी, ‘पर्यंत’नंतर विभक्ती कोणती, इथेच रात्रीचे अकरा वाजले. शेवटी चिठ्ठीखाली ‘धन्यवाद’ लिहून झोपलो. तेव्हापासून तळमजल्यावरच्या आजी मला सुसंस्कृत समजतात.

वास्तविक मी गुर्मीत आलो होतो. तीन लिंगं आमच्याकडेही आहेत, आणि शाळेत संस्कृतच्या आठ विभक्त्या घोकलेल्याला यांच्या चार म्हणजे पोरखेळ. संध्याकाळच्या वर्गात नाव घालताना पुण्याचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. बाईंनी ते कौतुकाने पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि मला नवशिक्यांत बसवलं.

एका बाबतीत मात्र गुर्मी सोडणार नाही. घड्याळ! स्टुटगार्टकडे पावणेआठला ‘ड्रायफिअर्टल आख्ट’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘पाऊण आठ’. हँबुर्गहून आलेला सहकारी यावर डोकं खाजवतो आणि मी मिशीत हसतो. दीडला जर्मनमध्ये ‘आंडरटहाल्प’ असा स्वतंत्र शब्द आहे. जुन्या जर्मनमध्ये अडीचलाही होता, ‘ड्रिटहाल्प’, म्हणजे तिसरा अर्धा. आणि आपलं अडीचही ‘अर्धतृतीय’चंच नातवंड! सत्तावीस म्हणताना तेही आपल्यासारखेच आधी सात म्हणतात. इंग्रजी माध्यमातून आलेले लोक फोन नंबर उलटे लिहून घेतात, माझा एक आकडा चुकत नाही. अर्थात एकोणतीसची मजा त्यांना ठाऊक नाही. ते बिचारे ‘नऊ आणि वीस’वर समाधान मानतात. त्यातही बोखुममध्ये एक संघटना आहे, तिला मुलांच्या सोयीसाठी ‘एक आणि वीस’च्या जोडीला ‘वीस-एक’ही हवं आहे. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! या विषयावर मी जर्मनांशी तासभर बोलू शकतो. इंग्रजीत.

आणि खरा राग इथेच आहे. बेकरीत रांगेत उभं राहून मी वाक्य जुळवतो, लिंग, विभक्ती, सगळं तपासून. पाळी येते, मी तोंड उघडतो, ‘मला एक’पाशी अडखळतो, आणि काउंटरपलीकडून हसऱ्या इंग्रजीत विचारणा होते, पिशवी हवी का? हेतू चांगला असतो हो. पण माझं वाक्य तिथेच मरतं.

आमच्या वर्गात अलेप्पोचा एक दंतवैद्य होता. अख्खं आयुष्य लोकांना ‘आ करा’ म्हणण्यात गेलेला माणूस, इथे ‘मला चीज आवडतं’ म्हणत बसलेला. एकदा बाईंनी ‘होतं’ वापरून वाक्यं करायला सांगितली. मी सायकलवर एक चुरचुरीत वाक्य योजून ठेवलं होतं. त्याची पाळी आधी आली. तो म्हणाला, ‘माझं घर होतं. घराला बाल्कनी होती. तिथे लिंबाचं झाड होतं.’ बाई म्हणाल्या, ‘बाल्कनी पुल्लिंगी. द्वितीयेत आइनन.’ त्याने वाक्य सुधारून पुन्हा म्हटलं, ‘आइनन बाल्कोन’, आणि वहीत लिहून घेतलं. त्याला पुढे काही विचारावं एवढं जर्मन आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी ‘माझी सायकल होती’ एवढंच म्हणालो.

तेव्हापासून मला पुण्यातला मीच आठवतो. आमच्या सोसायटीतला बिहारचा वॉचमन हौसेने मराठी बोलायला लागायचा, ‘साहेब, तुमची पार्सल आला’ म्हणायचा. मी लगेच ‘कब आया?’ म्हणून मोकळा व्हायचो, आणि वर आपण त्याची सोय केली असं समजायचो. एकदा तर त्याच्या ‘आला’वर चारचौघांत कोटीही केली होती. लोक हसले. तोही हसला, माझ्यासारखाच सज्जन झाला होता तो, मराठीत.

तेव्हा एवढंच सांगणं आहे. कुणी मोडकंतोडकं मराठी बोलायला लागलं तर हिंदीवर उडी मारू नका, लिंगही दुरुस्त करू नका. आपल्याही भाषेत क्रियापद शेवटीच येतं. तिथवर त्याला पोचू द्या.