होम्स गिरगावात राहिला होता

आमच्या आत्याला कोणी मेलेलं चालत नाही. खऱ्या माणसांचं ती समजून घेते. बँकेत मयत खातेदारांची प्रकरणं वर्षानुवर्षं तिच्याच टेबलावर निकाली निघाली. पण पुस्तकातलं कोणी गेलं की तिला झोप येत नाही. मग ती उठून लिहायला बसते.

याला फॅन फिक्शन म्हणतात. माझे वडील "तुझं ते पंख्याचं" म्हणतात.

दुखणं जुनं आहे. डोंबिवलीहून व्हीटीला जाणाऱ्या फास्ट लोकलमध्ये, चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, आत्याने भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स वाचला. कॉनन डॉइलने १८९३ साली त्याला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात लोटलं आणि लोकांनी फारच गळा काढल्यावर दहा वर्षांनी परत आणलं. पण गोष्टीतल्या मधल्या तीन वर्षांचा हिशेब? तिबेटात दोन वर्षं, मग इराण, मक्का, खार्टूम. संपलं! बँकेतल्या बाईपुढे असं व्हाउचर ठेवायचं म्हणजे काय?

आत्याने ताळा जुळवला. तिबेटातून इराणला माणूस जाणार कसा? मुंबईहून, बोटीने. कधी? १८९३ मध्ये. आणि गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतला सार्वजनिक गणपती कधीपासूनचा? १८९३! "आता बोल," आत्या म्हणाली. मी काय बोलणार?

जम्यांग नोर्बू या तिबेटी लेखकाने १९९९ च्या कादंबरीत होम्सला मुंबईत उतरवलंच होतं. आत्याने ती वाचली, दोन दिवस कोणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी "त्याला गिरगाव जमलेलं नाही" असा निकाल देऊन कामाला लागली.

होम्सचा गिरगावातला मुक्काम चार दिवसांचा. आजवर झालेली प्रकरणं एकसष्ट. बोट अजून धक्क्याला लागलेली नाही. दरम्यान त्याने व्हायोलिनवर आरती धरली आहे, उकडीचा मोदक तुपाशिवाय खाऊन बोलणी खाल्ली आहेत आणि तपकिरीच्या डबीवरून एक खून उलगडला आहे. खरं तर तो उलगडला चाळीतल्या एका तेवीस वर्षांच्या विधवेने. तिला संस्कृत येतं, रसायनशास्त्र येतं, दांडपट्टा येतो. डोळे घारे. आत्याचेही घारेच आहेत. त्या बाईचं नाव सांगत नाही. आत्याचं माहेरचं आहे.

लेखिकेनेच नटूनथटून गोष्टीत शिरण्याच्या या खोडीला फॅन लोक 'मेरी सू' म्हणतात. १९७३ साली स्टार ट्रेकच्या असल्याच गोष्टींची टर उडवायला पॉला स्मिथ नावाच्या बाईंनी एक चिमुकली कथा लिहिली, तिच्या नायिकेचं हे नाव. हे मी आत्याला सांगितलं. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

दुसऱ्यांचं वाचताना मात्र आत्या ऑडिटला बसते. वॉटसनला अफगाणिस्तानात गोळी लागली ती एका पुस्तकात खांद्याला, दुसऱ्यात पायाला. गफलत डॉइलची, पण कोणी पोराने वॉटसनला दोन्ही पायांनी नीट जिना चढवला की आत्या कळवळते. अर्धवट सोडलेल्या गोष्टी वाचायच्या नाहीत असा तिचा नियम आहे. तो ती आठवड्यातून दोनदा मोडते. रात्री दोन वाजता, नायक गच्चीच्या कठड्याला लोंबकळत असताना, पुढे काहीच नसतं. लेखकाला नोकरी लागलेली असते. तो नायक २०१४ पासून लोंबकळतोय.

"एवढं लिहितेस, तर स्वतःचं काही लिही की," असं वडील एकदा म्हणाले. आत्याने चष्मा काढला. "मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली. एक तर ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं. त्यांना विचारलंस का, पंत, स्वतःचं काही?" वडील पेपरात शिरले. मला हे पटतं, हेही सांगून टाकतो. शिवाय मूळ मालकाचीही हरकत नव्हती. नाटकासाठी होम्सचं लग्न लावू का, असं विल्यम जिलेट या नटाने विचारलं, तेव्हा लग्न लाव नाहीतर मारून टाक, तुझी मर्जी, असं डॉइलनेच त्याला कळवलं होतं. ही तार आत्याला तोंडपाठ आहे.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका कॉलेजकन्येने आत्याचीच गोष्ट पुढे लिहायला घेतली आणि पहिल्याच प्रकरणात घाऱ्या डोळ्यांच्या बाईचं वॉटसनशी लग्न लावलं. आत्याचा फोन सकाळी साडेसहाला. "माझी बाई आहे ती! हिला कोणी अधिकार दिला?"

मी त्या तारेची आठवण करून दिली.

"डॉइलचं वेगळं," आत्या म्हणाली आणि फोन आपटला.

पुढचे फोन जरा खालच्या पट्टीतले. मुलीची भाषा बरी आहे. वॉटसन लंगडतो, पण बेताने. तेराव्या प्रकरणात त्या बाईला कोणीतरी बुधवार पेठेतल्या एका वाड्यात कोंडलं, वाड्याला आग लागली, आणि मुलगी थांबली.

आज तीन आठवडे झाले. काल रात्री अकराला आत्याने फोन केला. मुंबई युनिव्हर्सिटीची सेकंड इयरची परीक्षा नक्की कोणत्या तारखेला संपते, एवढंच तिला हवं होतं.