विषय : आपल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी

प्रति,
मा. सायबर ठग साहेब,
मुक्काम पोस्ट दर वेळी निराळे.

विषय : नवीन मोबाइल घेतल्यामुळे आपल्या कामात येणाऱ्या अडथळ्याबाबत.
संदर्भ : आपले वेळोवेळी आलेले दूरध्वनी, मेसेज व लग्नपत्रिका.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, माझा जुना मोबाइल बॅटरी फुगल्यामुळे सेवानिवृत्त झाला असून त्याच्या जागी नवीन मोबाइल रुजू झाला आहे. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या आवक-जावक टेबलावर गेली. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं, ही सवय पेन्शनीतही सुटत नाही. आपण एवढ्या चिकाटीने संपर्क ठेवलात आणि माझ्याकडून आपल्याला काहीच मिळालं नाही, म्हणून हा खुलासा.

आधी आपले आभार. या शहरात माझ्याशी एवढ्या अदबीने दुसरं कुणी बोलत नाही. बँकेत काउंटरवर गेलं की मान वर न करता ‘सर्व्हर डाउन आहे काका, उद्या या’. आपण मात्र रविवारी, भाऊबीजेला, दुपारी डोळा लागला असतानाही ‘सर जी’ म्हणून हजर. नोव्हेंबर उजाडला की मी जिवंत आहे का, याची पहिली चौकशी आपल्याकडूनच होते. हयातीचा दाखला घरबसल्या काढून द्यायची आपली तयारी असते. मुलाचा फोन त्यानंतर येतो. आपल्या माणसाला आमची हिंदी झेपत नाही, एवढीच अडचण. परवा मी म्हणालो, ‘मेरेकू नक्को, बँक में जाके करतूं’, तर तो बिचारा दुसऱ्या कुणाला तरी विचारायला गेला.

आपली कल्पकताही दाद देण्यासारखी. २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं. त्यानंतर ‘तुमच्या आधारवर अजून औरंगाबाद आहे, आज केवायसी केलं नाही तर खातं गोठेल’ असा आपला फोन आला. नावामुळे खाती गोठायची असती तर पैठणपासून सोयगावपर्यंत अख्ख्या जिल्ह्याचा व्यवहार त्याच दिवशी थांबला असता, हे आपल्या लक्षात आलं नाही. मग आला तो विजेचा मेसेज : ‘मागील बिल अपडेट नसल्याने आज रात्री ९.३० वाजता वीजपुरवठा खंडित होईल.’ साहेब, आमच्याकडे वीज जाते ती कधी वेळ कळवून गेलेली नाही. मेसेज खोटा आहे, हे त्या साडेनऊवरूनच कळलं.

आता मूळ मुद्दा. नवीन मोबाइल पैठण गेटवर घेतला. नावाप्रमाणे दरवाजा पैठणच्या वाटेकडे आहे, पण भोवतालची गर्दी आता बहुतेक हँडसेट, कव्हर आणि चार्जर यांचीच. काउंटरवरचा पोरगा तयारीचा होता. एका हाताने टफन ग्लास पुसत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याने माझा मोबाइल चालू करून दिला. पडद्यावर प्रश्न उमटायच्या आत त्याचं ‘अलाऊ’ दाबून व्हायचं. कॉन्टॅक्ट? अलाऊ. माइक? अलाऊ. लोकेशन? अलाऊ. एक टॉर्चचं अ‍ॅप टाकलं, त्याला माझे फोन नंबर कशाला हवेत, असं मी विचारलं. ‘सगळ्यांना लागतात काका,’ म्हणाला. मग नवीन जीमेल काढलं. रिकव्हरीसाठी नंबर त्याने स्वतःचाच टाकला, कारण माझं सिम अजून जुन्या मोबाइलमध्ये होतं. पासवर्ड माझं नाव आणि पुढे १२३. तो विसरू नये म्हणून खोक्यावर बॉलपेनने लिहूनही दिला. जुन्या मोबाइलकडे बघून म्हणाला, ‘एक्सचेंजमध्ये टाका, डेटा मी उडवतो.’ त्या क्षणी आपण शेजारी उभे असता तर आपल्याला गहिवरून आलं असतं.

आपल्या दुर्दैवाने माझी भाची इंजिनिअरिंगला आहे आणि रविवारी जेवायला आली होती. तिने खोक्यावरचा पासवर्ड वाचला, कपाळाला हात लावला आणि हात धुऊन मोबाइलच्या मागे लागली. जीमेलचा पासवर्ड बदलला, रिकव्हरीचा नंबर माझा केला, दुहेरी पडताळणी लावली. एकेका अ‍ॅपची परवानगी उघडून विचारत गेली, ‘मामा, टॉर्चला माइक कशाला?’ जुन्या मोबाइलमधून आधी गुगलचं खातं बाहेर काढलं, मग फॅक्टरी रीसेट केलं, आणि मगच तो विकायला मोकळा, असं ठरवून दिलं.

पण आपलं खरं नुकसान तिने पुढे केलं. अँड्रॉइडमध्ये प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं अ‍ॅप बसवायचं की नाही, याची एक सेटिंग असते, आणि ती प्रत्येक अ‍ॅपला वेगळी : व्हॉट्सअ‍ॅपला वेगळी, क्रोमला वेगळी, फाइल मॅनेजरला वेगळी. तिने एकूण एक बंद केल्या. म्हणजे आपण पाठवता त्या एपीके फाइलींचा, आरटीओच्या दंडाचा, पीएम किसानच्या हप्त्याचा, लग्नपत्रिकेचा, आता माझ्या घरी गृहप्रवेश होत नाही. त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅक्सेसिबिलिटी. ज्यांना दिसत नाही किंवा हात चालत नाही त्यांच्यासाठी ही सोय केलेली. ती ज्या अ‍ॅपला मिळते ते पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि मालकाच्या वतीने बटणंही दाबू शकतं. आंधळ्याच्या काठीवर आपण धंदा उभा केलात, ही बाब मी शत्रू म्हणूनही मान्य करतो. त्या यादीत आता एकही अ‍ॅप नाही.

लग्नपत्रिकेबद्दल मात्र थोडं तक्रारीच्या सुरात लिहावं लागतंय. तुळशीचं लग्न लागलं की आपल्या पत्रिका सुरू होतात, वेळ अचूक साधता. पण गृहपाठ कच्चा. मराठवाड्यातल्या पत्रिकेत निमंत्रकांची रांग असते, त्यात मामा असतात, आत्या असतात, आजी-माजी सरपंच असतात, ‘विशेष उपस्थिती’ म्हणून न येणारे आमदार असतात, आणि तळाशी घरातल्या पोरट्यांचा आग्रह असतो. आपल्या पत्रिकेत वधू नाही, वर नाही, मुहूर्त नाही, नुसतं ‘उघडा’. एवढा मानपान सोडलेलं लग्न आमच्याकडे लागत नाही. शिवाय खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, ती ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही.

बाकीचं थोडक्यात उरकतो. मोबाइल लॉक असताना मेसेजमधला मजकूर आता दिसत नाही, त्यामुळे रविवारच्या जाफर गेट बाजारात तो कुणी मारला तरी पडद्यावर ओटीपी वाचता येणार नाही. सिमलाही वेगळा पिन बसवलाय. सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं की तो पिन मागतं, तीनदा चुकलं की अडकून बसतं आणि कंपनीकडून पीयूके आणावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी टू-स्टेप पिन आहे. ‘कुरिअर आलंय, स्टार ४०१ स्टार लावून हा नंबर फिरवा’ असा आपला निरोप मिळाला होता. त्याने माझे सगळे फोन आपल्या दारात वळले असते आणि फोनवर सांगितले जाणारे ओटीपीही. भाचीने उलट ##००२# फिरवून वळवलेले असतील नसतील ते सगळे परत बोलावले. आणि पैसे पाठवतो म्हणून माझ्याकडे यूपीआयचा पिन मागू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आता आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यालाही पाठ आहे. एकमेकांकडून ‘कलेक्ट’ची विनंती पाठवून पैसे मागायची सोयही ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्याबद्दल आपल्या दुःखात सहभागी आहे.

आपण निराश होऊ नये म्हणून सांगतो, आपल्या बाजूनेही पुष्कळ मंडळी काम करतात. मला मोबाइल हवाच होता असं नाही. पेन्शन, गॅस, रेशन, दवाखाना, सगळ्यांनी ओटीपी मागायला सुरुवात केली म्हणून तो घ्यावा लागला. मोबाइल घ्या असं सांगायला सगळे होते, तो चालवायचा कसा हे सांगायला शेजारी तासभर कुणी बसलं नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंचंच बघा. लाडक्या बहिणीच्या दीड हजारासाठी ई-केवायसी आलं : आधी त्यांचा आधार आणि ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि ओटीपी. नवरा वाळूजला शिफ्टमध्ये, मोबाइल त्याच्या खिशात. त्यांनी चार घरी विचारलं, आणि चारही घरांतून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या वेगवेगळ्या लिंका मिळाल्या. त्यातली सरकारची कोणती आणि आपली कोणती, हे त्यांनी कशावरून ओळखायचं? ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे बजावणारेही आम्हीच आणि ‘ताई, ओटीपी सांगा लवकर’ म्हणून सेवा केंद्रात ओरडणारेही आम्हीच. यात फसणाऱ्याला अडाणी म्हणायची पद्धत आहे. या शहरात पासबुक हातात धरून, सही करून पतसंस्थेत ठेवलेले पैसेही बुडालेत. तिथे तर कुणाकडे ओटीपी नव्हता.

सरकारने काहीच केलं नाही, असं मात्र म्हणवत नाही. अमिताभ बच्चन यांच्या आवाजात सावध करणारी कॉलर ट्यून लावली. दवाखान्यात फोन लावला तरी आधी आपल्याविषयीचं प्रवचन ऐकावं लागायचं. २०२५ च्या जूनमध्ये ती थांबली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला दूरसंचार विभागाने आदेश काढला, प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ अ‍ॅप कंपनीनेच घालून द्यावं; पाळत ठेवणार का, म्हणून गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. आमच्या कार्यालयात शुद्धिपत्रक निघायला याहून जास्त दिवस लागायचे. अ‍ॅप मात्र कामाचं आहे, म्हणून मी आपखुशीने घेतलं. माझ्या नावावर किती सिम चालू आहेत ते त्यात दिसतं, हरवलेला मोबाइल बंद पाडता येतो, आणि ‘चक्षू’ नावाच्या खिडकीत आपला नंबर नोंदवता येतो. तेवढं पुण्यकर्म मी रोज चहानंतर करतो.

आपल्या ‘डिजिटल अरेस्ट’ विभागाचाही फोन आला होता. खाकी गणवेश, मागे झेंडा, टेबलावर फायलींची चळत. फायलींना नाड्या नव्हत्या, तिथेच मला शंका आली. असा कोणताही प्रकार कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्येच सांगितलं, पण ते सोडा. खरे पोलीस ‘बसा तिकडे’ म्हणतात, दिवसदिवस बसवून ठेवतात. मला घरी बसू देऊन, पाणी प्यायला परवानगी देऊन, चोवीस तास माझ्याकडे टक लावून बघणारं पोलीस खातं असतं, तर नागरिक म्हणून मी आनंदाने अटक करून घेतली असती.

एक गोष्ट मात्र उपरोध बाजूला ठेवून विचारतो. आपण स्वतः कुठे बसला आहात? मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या म्यावाडी भागातल्या फसवणूक केंद्रांतून पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे नेलेली पोरं. तिथे खोलीत डांबून, दमदाटी करून त्यांना असेच फोन करायला बसवलं होतं. आपल्या मागून कुणी ओरडल्याचा आवाज मला एकदा ऐकू आला. तसं काही असेल तर पुढच्या फोनवर खात्याचा नंबर मागण्याऐवजी आपलं नाव-गाव सांगा. आवक-जावकचा माणूस आहे, कागद योग्य टेबलावर कसा पोचवायचा ते मला कळतं.

नसेल, तर कामाचं कळवतो. कुणी फसलंच, तरी आता रडत बसत नाही, लगेच सायबर हेल्पलाइनचा १९३० फिरवतं. पैसे या खात्यातून त्या खात्यात उड्या मारत असतात. तक्रार जितकी लवकर, तितकी मधल्या एखाद्या खात्यात रक्कम गोठायची शक्यता जास्त. आणि रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून फ्रिजवर लावलंय. चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत त्याने बँकेला कळवलं, तर भुर्दंड ग्राहकावर नाही. पिन स्वतःच सांगून बसला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजून गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्या फायद्याचा. आपला सगळा धंदा आमच्या या लाजेवर चालतो, हे कळल्यापासून आमच्या कट्ट्यावर कुणाला कसा गंडा बसला हे मंडळी मोठ्याने सांगू लागली आहेत. ऐकणारे हसतात आणि आपला नंबर लिहून घेतात.

तरी वरील अडचणींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन माझा नंबर आपल्या यादीतून वगळण्यात यावा, ही विनंती. वगळणं शक्य नसल्यास फोन निदान दुपारी दोन ते चार सोडून करावा.

आपला न झालेला ग्राहक,
एक पेन्शनर,
सिडको, छत्रपती संभाजीनगर

प्रत माहितीस्तव सविनय सादर :
मा. १९३०.
पैठण गेटवरचा पोरगा. (रिकव्हरीचा नंबर बदलल्याची नोंद घ्यावी. टफन ग्लास चांगली बसली आहे.)
चि. भाची. (पुढच्या रविवारी मामीचा मोबाइल.)
निवड नस्ती.