फ्लॉरेन्समधली दोन तातडीची कामं

फ्लॉरेन्सला निघालेल्या मराठी माणसाचा अभ्यास पक्का असतो. मायकेलअँजेलोचा डेव्हिड, बोत्तिचेल्लीची व्हीनस, ब्रुनेलेस्कीचा घुमट, सगळं तोंडपाठ. गाडी कुठे लावायची आणि ‘जाऊन यायचं’ कुठे, हे दोन प्रश्न मात्र कुणी काढलेलेच नसतात. परीक्षेला पहिले तेच येतात.

जुनं शहर ‘झेडटीएल’मध्ये मोडतं. म्हणजे ठरलेल्या वेळांत परवाना नसलेल्या गाडीला तिथे मज्जाव. पण वेशीवर दरवाजा नाही, दोरी नाही, पोलीस नाही. नुसता एक फलक आणि एक कॅमेरा. कॅमेरा शिट्टी मारत नाही, गाडी बाजूला घ्यायला लावत नाही, ‘जाऊ द्या ना साहेब, बाहेरगावचे आहोत’ म्हणायची सोय तर नाहीच. आपण खुशाल घरी येतो, नातेवाइकांना फोटो दाखवून दमवतो आणि काही महिन्यांनी इटलीहून पत्र येतं. आपलं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल भाड्याच्या गाडीवाल्याने स्वतःची फी आधीच कार्डातून वळती केलेली असते. दंड त्याहून वेगळा. चौकात पावती फाडणाऱ्या आपल्या हवालदाराविषयी त्या दिवशी जन्मात प्रथमच जिव्हाळा वाटतो.

वेशीबाहेर रंगीत रेघा. इटलीभर साधारण नियम असा, की निळ्या रेघेत पैसे भरून, पांढरीत फुकट आणि पिवळी राखीव. हे घोकून जावं, तर फ्लॉरेन्सच्या पुष्कळ भागांत पांढऱ्या रेघा रहिवाशांसाठी! शिवाय रस्ता धुण्याचा वार आणि वेळ सांगणारी पाटी निराळी; त्या वेळी तिथे उभी असलेली गाडी उचलून नेतात. सम-विषम तारखांवर वाढलेला पुणेकरही या पाटीसमोर चष्मा पुसतो.

एवढ्यात मागच्या सीटवरून आवाज येतो, “अहो, ते राहू द्या. आधी दुसरं बघा.”

दुसऱ्याची तऱ्हा इटालियन. तिथला ‘बार’ म्हणजे मुख्यतः कॉफीचं दुकान, आणि आतलं स्वच्छतागृह गिऱ्हाइकांपुरतं. मग काउंटरपाशी उभ्यानेच घोटभर एस्प्रेसो घ्यायची (बसलात की दर वाढतो) आणि हळूच किल्ली मागायची. आत नळाला तोटी सापडत नाही, कारण पाणी पायाखालच्या पेडलने येतं. कॉफी मात्र आपलं काम चोख करते. तासाभरात पुढचा बार शोधायची वेळ येते. रीतसर पैसे घेणारी स्वच्छतागृहंही आहेत, पण ती हवी तेव्हा नेमकी नदीपलीकडे असतात.

गंमत म्हणजे पाण्याच्या बाबतीत हा देश आपल्याच पंथाचा. घरात निदान एका न्हाणीघरात बिडे (बसून धुण्याचं भांडं) हवाच, असा नियम इटलीने १९७५ साली केला. पण तो घरापुरता. बाहेर पडलेल्या माणसाला कागदच.

तेव्हा जाणार असाल तर एवढं करा. महामार्गावरून थेट आत वळता येणारा विला कोस्तांझाचा वाहनतळ २०१७ पासून सुरू आहे. गाडी तिथेच सोडा आणि ट्रामने सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला उतरा. सुटे युरो खिशात ठेवा. आणि उफिझी संग्रहालयाचं तिकीट काढलंच आहे, तर व्हीनस पाहून झाल्यावर आतलं स्वच्छतागृह गाठल्याशिवाय बाहेर पडू नका.